परतीचे दोर कापण्यापूर्वी

तुमचा प्रश्न मी दोन वेळा मनात वाचला आणि तिसऱ्या वेळी पत्नीला वाचून दाखवला. तुम्ही निपाणीजवळच्या गावात राहता, वय ३३, अनुदानित तंत्रनिकेतनात कायम अधिव्याख्याता आहात. पत्नी शिक्षिका आहेत, मुलगा पाच वर्षांचा आहे, घरी आई-वडील आणि चार एकर शेत आहे, ज्यात पूर्वी तंबाखू असे आणि आता ऊस आहे. जर्मनीतील एका विद्यापीठात रोबोटिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तुम्हाला प्रवेश मिळाला आहे. वडील म्हणतात की पक्की नोकरी सोडणाऱ्याला गाव वेड्यात काढते. तुम्ही विचारले आहे की सुरक्षित आयुष्य आणि मनातली इच्छा यांत माणसाने निवड कशी करावी, आणि मी इकडे आलो याचा मला कधी पश्चात्ताप झाला का. मी बेळगावचा, शहापूर भागातला. २०१२ साली घर सोडले आणि आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करतो. पश्चात्तापाच्या प्रश्नाने माझी दोन रात्रींची झोप गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिसाचा अर्ज कसा भरायचा, बँकेत अडकवून ठेवायची वर्षाची ११,९०४ युरो रक्कम कशी दाखवायची, २०२२ पासून लागू झालेला, शिक्षणाची कागदपत्रे तपासल्याचा एपीएसचा दाखला कसा काढायचा, ही सगळी माहिती अधिकृत पानांवर आहे आणि ती वरचेवर बदलते. ती मी इथे उतरवून काढत नाही. जे तिथे सापडणार नाही तेवढेच सांगतो.

मी २००५ साली कर्नाटक सरकारच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. यातले साल महत्त्वाचे आहे, कारण १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना नवी अंशदायी पेन्शन आहे आणि त्याआधीच्यांना जुनी, हयातभर मिळणारी. म्हणजे मी शेवटच्या गाडीत चढलेल्यांपैकी होतो. आप्पांनी दोन किलो कुंदा आणून गल्लीभर वाटला होता. आप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. एकतीस वर्षे त्यांनी काळ्या वाळूत गुडघे टेकून साचे भरले. वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या ठिणग्यांनी त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे ठिपके उठले होते. मुलाने पंख्याखाली बसून काम करावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी झाली होती.

माझे मन मात्र त्यांच्या वाळूत अडकले होते. मी सातवीत असताना त्यांनी एक नाकारलेले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घरी आणले होते. पंपाचा एक भाग, करवतीने मधोमध कापलेला. बाहेरून तो अगदी गुळगुळीत होता आणि आत सुपारीएवढी पोकळी होती. ती पोकळी मी उन्हात धरून पाहिली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला नेच्याच्या पानांसारखी बारीक, धारदार, चकाकणारी पाने दिसली. रस थंड होताना आकसतो, बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आणि सर्वांत शेवटी गोठणाऱ्या जागेला भरायला रस उरत नाही. ती पाने म्हणजे तिथे वाढता वाढता उघडे पडलेले लोखंडाचे स्फटिक असतात. हे मला फार पुढे समजले. त्या वेळी आप्पांना एवढेच ठाऊक होते की असा माल परत आला की आठवड्याच्या पगारातून पैसे कापले जातात, आणि चूक साच्याची, रसाची की ओतणाऱ्याची, हे कोणालाही सांगता येत नाही. तो तुकडा आमच्याकडे कितीतरी वर्षे दार अडवायला ठेवलेला होता. कचेरीतून घरी आलो की पहिल्यांदा तोच पायाला लागे. पोकळी कुठे होणार हे रस ओतण्याआधीच सांगता आले पाहिजे, ही माझी इच्छा होती. तिला महत्त्वाकांक्षा म्हणावे इतकी ती मोठी दिसत नाही, पण सात वर्षांत ती कमी झाली नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण सुरक्षित नोकरीला पिंजरा म्हणतात आणि ते मला पटत नाही. माझी नोकरी वाईट नव्हती. टिपणे कन्नडमध्ये लिहावी लागत आणि मी मराठी शाळेत शिकलेला. पहिली दोन वर्षे शेजारच्या टेबलावरच्या कन्नड सहकाऱ्याने माझे प्रत्येक टिपण साहेबांकडे जाण्याआधी स्वतः वाचून दुरुस्त केले आणि त्याबद्दल कधी चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी सहाला मी घरी असे. आईला दवाखान्यात न्यायचे असेल तर अर्धी रजा मिळे. तुम्ही सोडणार आहात ते हे सगळे आहे. त्याला आधी चांगले म्हणा आणि मग सोडायचे की नाही ते ठरवा. त्याला वाईट ठरवून निघालात तर इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ते तुम्हाला एकदम गोड वाटू लागेल आणि तो धक्का सोसणार नाही.

माझा राजीनामा कसा झाला ते सांगण्यासारखे आहे. मला बिनपगारी रजा मागता आली असती. मिळालीच असती असे नाही, पण मागता आली असती, आणि मी ती मागितली नाही. आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत की कोंढाण्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, म्हणून मावळे मागे न फिरता लढले. मी स्वतःला तोच दाखला दिला. परत यायची वाट ठेवली तर आपण परत येऊ, असे पत्नीला सांगितले आणि एका पानाचा राजीनामा दिला. सात वर्षांची सेवा आणि जुनी पेन्शन त्या एका पानाने संपली. आज मला दिसते की कोंढाण्यावर ज्यांचे दोर कापले गेले ते सगळे लढायचे म्हणूनच कडा चढले होते. माझ्या दोराला माझ्याबरोबर दोघीजणी होत्या, त्यांतली एक सव्वा वर्षाची होती, आणि कडा चढायचा आहे का हे मी दुसरीलाही विचारलेले नव्हते.

पैसे कसे उभे केले तेही ऐका. भविष्य निर्वाह निधी काढला, पतसंस्थेचे कर्ज घेतले, पत्नीच्या चार बांगड्या मोडल्या. त्यानंतरची तीन वर्षे बेळगावचे घर, आई-आप्पांची औषधे, मुलीचे दूध आणि कर्जाचा हप्ता तिच्या पगारावर चालला. ती एका अनुदानित मराठी हायस्कुलात मराठी आणि समाजविज्ञान शिकवीत असे. लोक म्हणत की मी धाडस केले. खरे पाहता माझी महत्त्वाकांक्षा तीन वर्षे एका सुरक्षित नोकरीवर उभी होती आणि ती नोकरी माझी नव्हती.

शिक्षणाबद्दल मला खंत नाही. फ्रायबर्ग नावाच्या लहानशा गावात १७६५ साली स्थापन झालेले खाणकाम आणि धातुविद्येचे विद्यापीठ आहे, तिथे मी शिकलो. जर्मन व्याख्यान पहिले सहा महिने निम्मेच समजे. मग एके दिवशी प्रयोगशाळेत संगणकावर एका साध्या ठोकळ्याचे गोठणे चालवून पाहिले. पडद्यावर रंग बाहेरून आत सरकत गेले आणि शेवटी मधोमध एक लाल ठिपका उरला. दुसऱ्या दिवशी तोच ठोकळा प्रत्यक्ष ओतून कापला आणि पोकळी तिथेच निघाली. मी बाहेर येऊन बर्फात उभा राहिलो आणि आप्पांना फोन लावला. बोलता काहीच आले नाही. तुम्ही विचारता त्या पश्चात्तापाच्या खात्यात हा दिवस येत नाही, कधीही येणार नाही.

आता कागदपत्रे. तुमच्या निपाणीपासून कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर असले तरी तुमचे व्हिसाचे काम कर्नाटकातूनच, बेंगळुरूलाच होईल. मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून कितीदा गेलो हे मोजणे सोडून दिले होते. पण खरी अडचण अंतराची नव्हती, नावांची होती. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरे, जन्मदाखला कन्नड लिपीत, आणि त्याचे इंग्रजी ज्याने केले त्याच्या कानाला जसे वाटले तसे. हे सगळे इथल्या माणसाला समजत नाही, आणि ते त्याला समजले पाहिजे अशी अपेक्षाही करता येत नाही.

आमच्या बाबतीत माणसाचे नाव जुळले आणि गावाचे नाव अडले. मुलीचा पासपोर्ट २०१४ च्या उन्हाळ्यात काढला, त्यावर जन्मस्थान 'बेळगाव'. १ नोव्हेंबर २०१४ रोजी राज्यातील बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली आणि आमचे शहर 'बेळगावी' झाले. २०१५ मध्ये तिच्या जन्मदाखल्याची नवी प्रत काढली, तिच्यावर नवे नाव. तोपर्यंत मला नोकरी लागून ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराचा निवास-परवाना, मिळाले होते आणि दोघींच्या व्हिसासाठी इथल्या परकीय नागरिकांच्या कचेरीची संमती हवी होती. तिथल्या बाईंनी दोन्ही कागद समोर ठेवून विचारले की मूल नेमके कोणत्या शहरात जन्मले. ज्या शहरावरून माझ्या जन्माआधीपासून मोर्चे निघत आले, ज्याचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, त्याचा खुलासा मला मोडक्या जर्मनमध्ये एका टेबलापलीकडून करायचा होता. दोन्ही एकच शहर आहे, हे सिद्ध करायला अकरा आठवडे लागले. पत्नीने शाळेला नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी माणूस शोधता यावा म्हणून मे महिन्यातच राजीनामा दिला होता. ते अकरा आठवडे, आणि त्याआधीचे आणि नंतरचे मिळून सहा महिने, ती बिनपगारी घरी बसून होती आणि रोज फोनवर मला विचारत नव्हती की काय झाले. ती विचारत नव्हती हेच मला आजही बोचते. तुम्ही नावबदलाच्या सरकारी अधिसूचनेची प्रत आणि तिचे प्रमाणित भाषांतर आधीच काढून ठेवा, आणि मुलाचे सगळे कागद एकाच वर्षी, एकाच वर्णलेखनाने करून घ्या.

यापुढचे लिहायला मला जड जाते. ब्लू कार्ड असणाऱ्याच्या पत्नीला येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. ही सवलत ऐकून आम्हाला आनंद झाला होता. तीच आम्हाला सर्वांत महाग पडली. परीक्षेची अट असती तर तिने बेळगावातच, आई-आप्पा मुलीला सांभाळायला असताना, वर्षभर भाषा शिकली असती. ती अक्षरही न शिकता इथे उतरली, नोव्हेंबरात, दिवस साडेचारच्या सुमारास मावळतो तेव्हा. नंतर घर, मूल, माझ्या पाळ्या, आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळचा वर्ग. शाळेत शिकवण्याची तिची पात्रता इथे मान्य होण्यासाठी दोन विषयांची पदवी आणि जवळजवळ मातृभाषेसारखी जर्मन लागते. तिने दोनदा चौकशी केली. तिसऱ्यांदा केली नाही. आज ती एका प्राथमिक शाळेत दुपारच्या जेवणानंतर मुलांना सांभाळण्याचे काम करते. मुले तिच्यावर जीव टाकतात. पण अकरा वर्षे जी खडू हातात घेऊन वर्गासमोर उभी राहिली ती आता मुलांच्या जाकिटांच्या चेन लावते, आणि तिने बेळगावात सोडलेली जागा पुढे भरलीच गेली नाही. सीमाभागातल्या एका मराठी शाळेतला एक शिक्षक माझ्या इच्छेपायी कमी झाला.

आणि मुलगी. बव्हेरियात चौथीनंतर मुलांची वाट फुटते. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपत्रक हातात पडते, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. गुण १ ते ६, त्यांतला १ सर्वांत चांगला. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे मधल्या पातळीची शाळा. त्याच्या पुढे मिटेलशूल, म्हणजे कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी. मुले तेव्हा दहा वर्षांची असतात.

माझी मुलगी चौथीत होती ते वर्ष २०२०-२१. हिवाळ्यात शाळा बंद होत्या, अभ्यास घरून, रोज पाच-सहा पाने छापून भरून पाठवायची. ज्यांच्या घरी जर्मन बोलली जाते त्यांची मुले आईला विचारत. माझी पत्नी, जिच्याकडे गल्लीतली दहावीची मुले अभ्यासाला येत, ती स्वतःच्या मुलीशेजारी बसून मोबाइलवर शब्द शोधत असे, आणि एके दिवशी मुलगीच तिला म्हणाली, "आई, असूदे, मी करते." मी कारखान्यात असे, कारण रस घरून ओतता येत नाही.

परिसर अभ्यासात एक चाचणी होती, घरापर्यंत पाणी कसे येते या विषयावर. मुलीला हा विषय तोंडपाठ होता. आप्पांनी तिला लहानपणी राकसकोपच्या जलाशयावर नेऊन सगळे दाखवले होते, पाणी कुठून येते, कुठे शुद्ध होते, टाकीत कसे चढते. तिने उत्तरे लिहिली, आकृती काढली, बाण दाखवले. उत्तरपत्रिका मी अजून जपून ठेवली आहे. लाल शाईत चार ठिकाणी "वाक्य अपूर्ण" असा शेरा आहे. आकृतीवर एकही शेरा नाही. त्या विषयात तिला ३ मिळाले, जर्मनमध्ये ३, गणितात २. सरासरी २.६६. त्या एका विषयात ३ च्या जागी २ असता तर सरासरी २.३३ झाली असती.

सरासरी न बसलेल्या मुलांसाठी तीन दिवसांची चाचणी-शिकवणी असते, जर्मन आणि गणिताची, आणि तिच्यातून वर जाता येते. वर्गशिक्षिकेने सांगितले की मुलीवर ताण येईल, न पाठवलेले बरे. मी मान हलवली. माझी जर्मन वाळू, रस आणि तापमान यांची आहे; त्या खोलीत लहानशा खुर्चीवर बसून मला वाद घालायला शब्द सापडले नाहीत, आणि पत्नी माझ्याकडे पाहत होती की मी काहीतरी बोलेन. त्या शिक्षिकेचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण गणितात २ मिळवणाऱ्या मुलीला तीन दिवसांची संधी मी नाकारली, तेही तिला न विचारता. पुढे रेआलशूलमधूनही विद्यापीठापर्यंत वाट आहे, ती थोडी लांबची आहे, आणि मुलगी त्या वाटेवर नीट चालली आहे. हे मला कळते. तरीही ते २.६६ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कारण आम्ही बेळगावची माणसे. मुलाला त्याच्या भाषेत शिकू द्या, भाषेवरून त्याची लायकी ठरवू नका, हे आमच्याकडे तीन पिढ्या बोलत आल्या आहेत. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, आप्पा शर्टाला निषेधाची काळी फीत लावून फेरीत चालत, पाऊस असला तरी. मी त्यांच्या खांद्यावर बसून ती फेरी पाहिली आहे. मी स्वतः कन्नड रडतखडत शिकलो, ती आता मला परकी वाटत नाही, आणि शेजारच्या घरात, बाजारात, खेळात ती कानावर पडत असे म्हणून ती आलीही. मुलीला मी अशा ठिकाणी आणले जिथे तिच्या भाषेचा घराबाहेर एकही शब्द नाही आणि जिथे दहाव्या वर्षी वाक्य अपूर्ण राहिले तर वाट बदलते.

एकटेपणाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत. त्याची फार काळजी करू नका. गणपती बसतो, शेजारच्या शहरात मराठी मंडळ आहे, बेळगावचा बासमती सोडला तर सगळे मिळते, आणि काम आवडीचे असेल तर दिवस कसा जातो कळत नाही. मला एकटे वाटले नाही. हे माझ्यापुरते आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई-आप्पा इथे आले होते. आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा घरच्यांना बोलावतात. आप्पांना निळा कोट आणि शिरस्त्राण दिले. यंत्रमानव, भट्ट्या, पडदे, सगळे ते न बोलता पाहत गेले. साच्यांच्या वाळूच्या पट्ट्याजवळ आले आणि थांबले. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी मूठभर वाळू उचलली, दाबली, मूठ उघडली, गोळ्यावर बोटांचे ठसे पाहिले, मग गोळा दोन हातांनी मोडून त्याची कड पाहिली. "जरा ओली हाय बघ," म्हणाले. आमचा पाळीप्रमुख जर्मन, पंचावन्न वर्षांचा. त्याला मराठीचा शब्द कळला नव्हता, पण त्याने ती मोडलेली कड पाहिली, पट्ट्यावरचा आकडा पाहिला, आणि आप्पांशी हात मिळवला. ओलावा ठरलेल्यापेक्षा थोडा जास्तच होता. त्या रात्री जेवताना आप्पा फार खुशीत होते. आई भांडी आवरायला उठली तेव्हा त्यांनी हळू आवाजात मला विचारले, "ते पेन्शन आता किती झालं असतं रे?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि ताटातला भात संपवला.

आता तुमचे. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. तुम्ही एकटे पुढे गेलात आणि दोन वर्षांनी त्याला आणलेत तर तो सात वर्षांचा असेल, दुसरीत बसेल, आणि बव्हेरियासारख्या राज्यात असाल तर वाट फुटेपर्यंत त्याच्या हातात तीन वर्षेही उरणार नाहीत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. विद्यापीठाची क्रमवारी पाहता तसे हेही पाहा. मला हे कोणी सांगितले असते तर पहिली नोकरी मी वेगळ्या राज्यात शोधली असती. संस्थेकडे बिनपगारी रजेचा लेखी अर्ज करा आणि नकार आला तर तोही लेखी घ्या. पत्नीसाठी भाषेची अट असो वा नसो, त्यांनी बी-वन, म्हणजे मध्यम पातळीपर्यंतची जर्मन निपाणीतच शिकावी, तुमच्या खर्चाच्या यादीत ती फी पहिल्या ओळीवर असावी. आणि त्यांची शाळेतली नोकरी शेवटच्या दिवसापर्यंत सोडू नका, म्हणजे व्हिसा पासपोर्टावर चिकटलेला डोळ्यांनी पाहीपर्यंत.

जावे की नाही, हे मी सांगत नाही. मी परत २०१२ मध्ये गेलो तर मीही निघेन असे मला वाटते, आणि असे वाटते याचीच मला लाज वाटते.

सुरुवातीला म्हटले की तुमचा प्रश्न मी पत्नीला वाचून दाखवला. तुमच्या पत्राच्या दीड पानात तुमची नोकरी आहे, वडील आहेत, रोबोटिक्स आहे, ऊससुद्धा आहे, आणि पत्नीबद्दल "शिक्षिका आहे" एवढे दोन शब्द आहेत. मला ते जाणवले नव्हते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांच्या बायकोला कुणी विचारलं काय?" त्यांना काय वाटते ते त्यांनी स्वतः लिहून पाठवावे. त्याचे उत्तर मी लिहिणार नाही, ती लिहील असे म्हणाली आहे.